साहेबाच्या बोटीत मोटेचा कणा

आधी तिचं सांगतो, मग बोटीचं. उलट क्रमानं सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल की बोट मीच दुरुस्त केली. लोकांना असं वाटू देण्याची खोड मला होती, आणि ती एकदा मला चांगलीच भोवली.

ती विंझरकडची बाई. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला कोकण्या म्हणायची. भाटघरच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिचं घर, शेत आणि विहीर पाण्याखाली गेली. मग ती विंझरला भावाच्या आधारानं राहिली. नवरा गेल्यावर अकरा वर्षं तिनं स्वतः बैल जुंपून मोट हाकली होती, त्यामुळं चाक, दोर, कप्पी यांतलं तिला जे कळायचं ते आमच्या साहेबाला कळत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. उन्हाळ्यात पाणी हटायला लागलं की ती काठावर खोप घालून राहायची आणि उघड्या पडलेल्या आपल्याच जमिनीत काकडी, कलिंगडं लावायची. पावसाळ्याच्या तोंडाला परत विंझरला जायची. माझी नोकरी टिकली ती तिच्यामुळं. अजून मी तिचं काही फेडलेलं नाही.

आता बोटीचं.

कालव्याच्या कामावर एक साहेब होता. त्यानं मुंबईकडून शिडाची बोट मागवली. ती तुकड्यातुकड्यांनी सारोळ्यापर्यंत आली आणि तिथून बैलगाड्यांवर धरणावर. लांबी वीसेक हात, एक शीड. तेवढ्या बोटीला सुकाणूचा साधा दांडा पुरतो, पण साहेबाला मोठ्या जहाजासारखं उभं चाक हवं होतं, म्हणून चाक बसवलेलं होतं. बोट जोडून झाल्यावर साहेबानं त्याच्या बंगल्यावरच्या आम्हा सगळ्या नोकरांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, रत्नागिरीवाला कोण आहे? मी हात वर केला.

मी खोटं बोललो नव्हतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातलाच. फक्त आमचं गाव घाटाच्या पायथ्याला, समुद्र तिथून दोन दिवसांच्या चालीवर. समुद्र मी एकदाच पाहिला होता, एका लग्नाला जाताना टेकडीवरून, आणि पहिल्यांदा मला ते आभाळच वाटलं होतं. पण साहेबानं समुद्राचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बोटीवरचा माणूस झालो. घरी पत्र टाकलं की मला बोट मिळाली आहे. वडिलांनी ते पत्र गावात चार जणांना वाचून दाखवलं. तिथून मागं फिरायची वाट बंद झाली.

शाळा मी मराठी तिसरीनंतर सोडली. बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, ती साहेबानं मला दिली. चित्रं पुष्कळ होती. मी ती रोज उघडून बसायचो. दोन महिन्यांनी साहेबाच्या खानसाम्यानं येऊन मला पुस्तिका सुलटी करून दिली.

तरी दोन हंगाम बरे गेले. शीड चढवणं उतरवणं मी शिकलो. वारा खिंडीतून केव्हा येतो, धरणाच्या भिंतीपाशी कसा उलटा फिरतो, हे शिकलो. शनिवारी साहेब यायचा, चाक धरायचा, मी शिडाचा दोर धरायचो. रात्री झोपताना मी रोज मनातल्या मनात सांगायचो, उद्या कुणी काही विचारू नये.

तिसऱ्या वर्षी चाक ढिलं पडू लागलं.

ते कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चाकामागं दात्यांवरून फिरणारी साखळी, सायकलला असते तशी. साखळीच्या दोन्ही टोकांना तारेचे दोर. ते दोर फळ्यांखालून, डावीकडं एक आणि उजवीकडं एक अशा पितळी कप्प्यांवरून वळून मागं जातात आणि सुकाणूच्या खांबावर बसवलेल्या एका अर्धगोल पत्र्याला दोन बाजूंनी धरतात. चाक डावीकडं फिरवलं की एक दोर ओढला जातो, दुसरा सैल सुटतो, आणि सुकाणू वळतं. दोरांना मध्ये पिळायचे स्क्रू असतात, ताण कमीजास्त करायला.

आधी चाक दोन बोटं फिरवलं तरी सुकाणू जागचं हलेना. मग चार बोटं. मग वीतभर. साहेब म्हणाला, कसून टाक. मी स्क्रू पिळले. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा ढील. पुन्हा पिळले. होता होता चाक इतकं जड झालं की साहेब दोन्ही हातांनी फिरवायचा, आणि ढील होती तिथंच. जड आणि ढिलं एकाच वेळी कसं, हे मला कळेना. मला एवढंच ठाऊक होतं की स्क्रू पिळायचे.

एका शनिवारी भिंतीजवळ वारा उलटा फिरला. साहेबानं चाक फिरवलं, बोट जरा उशिरा वळली आणि भिंतीच्या दगडांना घासत गेली. पुरुषभर लांबीचा रंग गेला. साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं शांतपणे सांगितलं की पुढच्या शनिवारी पुण्याहून त्याचा वरिष्ठ साहेब मडमेसह येणार आहे. तोपर्यंत बोट नीट झाली तर ठीक, नाहीतर मुंबईहून गोदीतला खलाशी बोलावतो, आणि तू घरी जा. वर असंही म्हणाला की तुझ्या किनाऱ्यावर अशा वेळी काय करतात ते तुलाच माहीत असेल.

मी होय म्हणालो.

रविवार मी स्क्रू पिळण्यात घालवला. सोमवारी बोट काठाच्या चिखलात ओढून पुन्हा पिळत होतो तेव्हा मावशी कलिंगडाच्या वेलांना पाणी घालून आली आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

आमची ओळख एका दगडावरून झाली होती. आदल्या उन्हाळ्यात बोटीचा नांगर वर ओढताना त्याबरोबर एक घडीव दगड आला. त्याला दोराची खोल खाच पडलेली होती. टाकून द्यायचा तो मी उगाच काठावर आणून ठेवला. मावशीनं तो पाहिला, खाचेतून बोट फिरवलं आणि म्हणाली, हा माझ्या विहिरीचा. मोटेचा पातळ दोर याच्यावरून घासून जायचा. तिनं तो उचलून खोपीच्या दारात बसायला ठेवला. तेव्हापासून मी तिथं नांगर टाकताना हळू टाकायचो, आणि तिची काकडी मला चुकत नव्हती.

तर ती बघत उभी राहिली आणि म्हणाली, "चाक फिरीवतोस तू, अन् नाव मागनं ऐकती. म्या काठावरनं बघती की. दोन महिनं झालं."

मी म्हणालो, तार सैल पडते, कसतोय.

"कस. आजून कस. पेकाट मोडस्तोवर कस."

मग तिनं मला चाक दोरानं करकचून बांधायला सांगितलं. हलता कामा नये, म्हणाली. मी बांधलं. ती पदर खोचून बोटीमागं चिखलात उतरली, सुकाणूचं पातं दोन्ही हातांनी धरलं आणि डावी-उजवीकडं हलवलं. पातं चांगलं चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं गेलं. मधल्या दोरांपर्यंत हिसका पोचत होता, चाक ढिम्म.

"चाक बांधल्यालं हाय ना? मंग ह्ये कशानं हलतंय?"

मी बांधलेल्या चाकाकडं पाहिलं. तीन महिने मी चाकाकडून सुरुवात करत होतो, कारण साहेब चाकापाशी उभा असतो. तिचं म्हणणं, जिथं भार पडतो तिथून हलवून बघायचं आणि वर वर यायचं. मोटेत पाणी भरलेलं असतं तेव्हाच कुठला सांधा खोटा आहे ते कळतं, रिकाम्या मोटेवर सगळेच सांधे चांगले.

पण कुठला सांधा? फळ्यांखाली अंधार, दोर तर सगळेच थरथरत होते. तेव्हा तिनं जे केलं ते मी कुठल्या पुस्तिकेत पाहिलं नाही, सुलटी धरूनसुद्धा. तिनं काठावरची काळी माती घेतली, त्यात थोडं शेण घातलं, भाकरीच्या पिठासारखी मळली आणि एकेका सांध्यावर थापत गेली. चाकाच्या दांड्याभोवती, साखळीच्या टोकांना, स्क्रूंवर, उजव्या कप्पीवर, डाव्या कप्पीवर, सुकाणूच्या खांबावरच्या पत्र्याला. फळ्या काढून ऊन आत येऊ दिलं आणि म्हणाली, आता जेवू.

मोटेच्या खांबांना, पाचरींना ती पाडव्याच्या सुमारास असंच लिंपायची. माती वाळल्यावर मोट चालवायची. जिथं माती फुटली तो सांधा हलतो, जिथं टिकली तो पक्का. तिच्या गावात सगळेच असं करायचे, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं ती म्हणाली. मी भाकरी गिळत होतो आणि साहेब अचानक आला तर काय सांगायचं ते जुळवत होतो. साहेबाच्या पांढऱ्या बोटीला आतून शेणानं सारवलेलं होतं.

ऊन चढलं, माती पांढरी पडली. तिनं पुन्हा पातं हलवलं. मी आत डोकं घालून बघत होतो. चाकापाशी माती जशीच्या तशी. साखळीला केसाएवढ्या भेगा. उजवी कप्पी ठीक. डाव्या कप्पीवरची माती खपलीखपलीनं गळून पडली.

खपल्यांखालून एक चिंधी बाहेर आली. तेलानं माखलेली, काळी.

चिंधी माझी होती. मागच्या हंगामात ती कप्पी करकरू लागली होती. साहेबाला करकर सोसवत नसे आणि मला साहेबाच्या कपाळावरची आठी सोसवत नसे, म्हणून मी कप्पीच्या फटीत तेलाची चिंधी घट्ट ठासून भरली होती. आवाज बंद झाला होता. ही गोष्ट मी माझ्या हुशारीत धरली होती.

मावशीनं चिंधी ओढून काढली. कप्पी जिच्यावर फिरते ती लोखंडी खीळ एका बाजूनं झिजून निम्मी झाली होती, आणि कप्पीचं भोक लांबट झालं होतं, त्यातून माझी करंगळी आरपार जात होती. दोर ओढला की कप्पी आधी तेवढी सरकायची आणि मगच दोराला ताण यायचा. मी जितका स्क्रू पिळत होतो तितकी ती खीळ जोरात घासत होती. ढील मीच वाढवत होतो.

ती चिडली नाही. चिंधी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ती बोंबलत हुती, कोकण्या. तू तिचं तोंड दाबलंस."

मोटेच्या चाकाला ते लोक तेल बेतानं घालतात. चाकाचा आवाज मोट हाकणाऱ्याला लागतो, आवाज बदलला की त्याला कळतं काय बिघडतंय. हे तिनं तेव्हा सांगितलं. मला ते एक हंगाम आधी कळायला हवं होतं.

मंगळवारी मी कप्पी घेऊन भोरला लोहाराकडं गेलो. त्यानं पाहून सांगितलं, भोक मोठं करून गोल करून देतो, पण मग खीळ जाड लागेल. माझ्याकडं आहे ते लोखंड मऊ आहे, महिन्यात पुन्हा हेच होईल. मुरलेलं, कडक लोखंड आण. ते कुठं मिळतं म्हटलं, तर मुंबईला, म्हणाला. मुंबईहून शनिवारच्या आत काही यायचं नव्हतं. आणि मुंबईहून येणार होता तो खलाशी.

परत आल्यावर मी मावशीच्या खोपीपाशी त्या दगडावर बसलो आणि पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं. समुद्र, टेकडी, लग्न, हात वर केला ते, वडिलांनी वाचून दाखवलेलं पत्र, सगळं. ती काकड्या निवडत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "तुला पोहता तरी येतं का रं?"

"न्हाई," मी म्हणालो. तिच्यासारखंच बोललो, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

ती हसली आणि काकड्या निवडत राहिली. बुधवारी पहाटे खोप बंद करून कुठं गेली ते मला कळलं नाही. मी तिच्या वेलांना पाणी घातलं. गुरुवारी दुपारी ती डोंगर उतरून आली. काखेत लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडलं तर आत मोटेचा कणा. मोटेचं चाक ज्या लोखंडी दांड्यावर फिरतं तो. दीड वीत लांब, अंगठ्याएवढा जाड, आणि मधोमध आरशासारखा गुळगुळीत. तिच्या सासऱ्यानं बसवलेला होता. पाणी चढताना तिनं घरातली भांडी नंतर नेली, मोटेचं चाक आणि कणा आधी काढून नेला होता. विंझरला भावाच्या रानात ती नवी विहीर खणून घेत होती. पाच पुरुष खोल गेली होती, खाली खडक लागला होता, पाणी नव्हतं. पाणी लागलं की त्या विहिरीवर हाच कणा बसायचा होता.

"पानी लागस्तवर वापर," ती म्हणाली. "लागलं की परत."

शुक्रवारी लोहारानं कप्पीचं भोक कण्याच्या मापाचं केलं. सुतारानं कणा पेलायला बाभळीच्या लाकडाची जाड घोडी घडवली, कणा तिच्यात बसला, कप्पी कण्यावर बसली. फक्त कणा लागत होता चार बोटं आणि होता दीड वीत. सुतारानं करवत काढली. मावशी भोरपर्यंत बरोबर आली होती ती यासाठीच. कणा कापायचा न्हाई, म्हणाली. कापला तर माझ्या चाकात बसंल का? सुतारानं मला बाजूला घेऊन विचारलं की बोट साहेबाची का बाईची. मी सांगितलं, सध्या दोघांची. मग कणा अखंड राहिला आणि बोटीत बसायच्या जागी, पायापाशी, वीतभर बाहेर आला. मी त्याला स्वच्छ फडकं गुंडाळलं. स्क्रू पुष्कळ सैल केले. चाक एका हातानं फिरू लागलं, आणि बोटभरसुद्धा ढील उरली नाही. कप्पी जराशी गुणगुणत होती. ती तशीच राहू दिली.

शनिवारी पाहुणे आले. वारा बरा होता. साहेबानं चाक धरलं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी शिडाकडं पाहिलं. पाऊण तास सगळं ठीक चाललं. मग वरिष्ठ साहेब उठायला गेला आणि त्याची नडगी कण्यावर आपटली.

फडकं काढलं गेलं. दोघेही साहेब वाकून बघत होते, मडम मला बघत होती. साहेबानं विचारलं हे काय आहे, आणि त्याच दमात विचारलं की तुमच्या किनाऱ्यावर असंच बसवतात का. होय म्हणणं सोपं होतं. दोन वर्षं मी तेच करत आलो होतो. पण कणा तिचा होता, आणि होय म्हटलं तर तो माझ्या किनाऱ्याचा झाला असता.

"साहेब, तो विहिरीवरच्या मोटेचा कणा आहे," मी म्हणालो. "तिकडं काठावर बाई दिसते तिचा. परत द्यायचा आहे. किनाऱ्यावर काय करतात ते मला माहीत नाही. मी समुद्र एकदाच पाहिला आहे, तोही लांबून."

साहेब माझ्याकडं बघत राहिला. मी शिडाचा दोर धरून ठेवला. मग त्यानं वरिष्ठ साहेबाला इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं. वरिष्ठ साहेबानं नडगी चोळत काठावरच्या मावशीकडं पाहिलं. ती वेलांत वाकलेली होती, तिनं वर पाहिलं नाही. आणि साहेब चाकापासून बाजूला झाला आणि मला म्हणाला, भिंतीजवळून तू ने.

मी नेली. वारा उलटा फिरला, मी चाक वळवलं, बोट तेव्हाच वळली. भिंत आणि बोट यांत दोन हात अंतर राहिलं. मुंबईचा खलाशी आला नाही. पुढच्या शनिवारी साहेबानं मला इतकंच विचारलं की पोहता येतं का, आणि त्या महिन्यात मला उथळ पाण्यात उतरवून शिकवलंही. वडिलांना मी काही कळवलं नाही. त्यांच्याकडचं माझं पत्र तसंच खरं राहिलं.

चार वर्षं कणा बोटीत फिरत राहिला. दर उन्हाळ्यात मावशी विचारायची, बरा हाय का? मी म्हणायचो, बरा आहे. मी विचारायचो, पाणी? ती म्हणायची, खडक.

पाचव्या वर्षी साहेबाची बदली झाली. बोट सुटी करून त्याच्या सामानाबरोबर गाड्यांवर चढवायची होती. दोन दिवस मी एकेक दोर, एकेक फळी बांधत होतो, आणि कणा काढून घ्यायचं रोज मनात येत होतं. साहेबाकडं मागायला जीभ उचलेना. माझी पुढची नोकरी त्याच्या चिठ्ठीवर होती. म्हटलं, गाड्या निघताना मागू. गाड्या पहाटेच निघाल्या. मी सारोळ्यापर्यंत धावत गेलो तर गाड्या नीरेचा पूल ओलांडून पलीकडं गेल्या होत्या, आणि मी पुलाच्या अलीकडं उभा राहिलो. पलीकडं का गेलो नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही. दमलो होतो, असं मी सांगतो.

त्याच उन्हाळ्यात विंझरच्या विहिरीला पाणी लागलं.

मी स्वतः विंझरला गेलो आणि कणा बोटीबरोबर गेल्याचं तिला सांगितलं. ती विहिरीच्या काठावर माती उपसत होती. ऐकून म्हणाली, "लोखंड हाय त्ये. पान्यात बुडलं न्हाई न्हवं? मंग चालतंय कुटंतरी." आणि मला पाणी दिलं, नव्या विहिरीचं. गढूळ होतं. मी सगळं प्यालो.

आता मी भोरला मोटारींच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. गाडी वळवायचं हातातलं चाक ढिलं आहे असं कुणी म्हटलं की मी आधी खालून, टायरपाशी हात घालून हलवतो, आणि करकर ऐकू आली तर तेलाचा डबा लांब ठेवतो. मावशीच्या विहिरीवर सध्या लोहारानं केलेला मऊ लोखंडाचा कणा आहे. दर वर्षी झिजतो, दर वर्षी बदलतात. गेल्या महिन्यात एका मोडक्या मोटारीचा मुरलेल्या पोलादाचा दांडा माझ्या हाती लागला आहे. मालकाची परवानगी घेतली आहे. या वेळी विचारून घेतलं. तिला सांगितलं तर म्हणाली, नवा दांडा खरबरीत असतो, चाक खातो, तिचा जुना गुळगुळीत व्हायला सासऱ्याचं आणि नवऱ्याचं आयुष्य गेलं होतं.

तेव्हा माझं ठरलं आहे. तो दांडा मी एक दिवस विंझरला नेऊन तिच्या विहिरीवर बसवीन, दीड वीत, न कापता. आणि तो गुळगुळीत होईपर्यंत दर सुट्टीला जाऊन तिची मोट मी हाकीन.